प्लॅटर्सचं गाणं, फ्रेडीचं गाणं

दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. तारापूर एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की लग्नसराईत आणि गणपतीत मी बेंजो पार्टीत कॅसिओवर असतो. आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य, पिकअप लावून थेट स्पीकरला जोडलेलं. सोबत कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोलकी, कच्छी ढोल. गायक बहुधा नसतोच, शब्दसुद्धा बेंजोनेच वाजवायचे. म्हणून एखादं गाणं हातात घेतलं की त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. रॉकवाले या कामाला 'कव्हर' म्हणतात. त्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण पाचगणीत शिकलेल्या एका मुलाचं आहे.

हळदीला आमचा नियम साधा असतो. सुरुवातीचा पीस हुबेहूब आला पाहिजे. पहिल्या चार सुरांत गाणं ओळखू आलं नाही, तर मांडवातलं कुणी उठत नाही. 'मी डोलकर' घ्या. शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमारांचे. मूळ गाण्यात होडीचा डौल आहे. सातपाटीच्या किंवा दांडीच्या हळदीत आम्ही ते चढ्या लयीत वाजवतो. चाल तीच राहते, नाचाला जोर येतो, पण दर्या मागे पडतो. नाचायला जमलेल्या घरासाठी ते योग्यच आहे. तरीही गाण्याचं काहीतरी गेलं, हे वाजवणाऱ्याच्या बोटांना कळतं.

रॉकमधल्या कव्हरची सुरुवात व्यापारातून झाली. १९५०च्या दशकात अमेरिकेत काळ्या गायकांची चाललेली गाणी गोरे गायक लगोलग आपल्या आवाजात रेकॉर्ड करत, आणि गोऱ्यांच्या रेडिओवर तीच जास्त वाजत. लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी' १९५५ साली आलं आणि अमेरिकेच्या पॉप यादीत १७व्या क्रमांकापर्यंत पोचलं. पॅट बूनने गुळगुळीत करून गायलेलं तेच गाणं १२व्या क्रमांकावर गेलं. दोन्ही पाठोपाठ ऐकली की या यादीवरचा विश्वास उडतो. बूनकडे सूर सगळे आहेत, आरोळी नाही.

कव्हरला मान मिळवून दिला तो पुढच्या लोकांनी. बॉब डिलनने १९६७ साली मोजक्या साथीवर शांतपणे गायलेलं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' जिमी हेंड्रिक्सने १९६८ साली इलेक्ट्रिक गिटारवर असं पेटवलं की नंतर स्वतः डिलन कार्यक्रमांत ते हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवू लागला. ज्याचं गाणं, त्यानेच कव्हर करणाऱ्याकडून शिकावं, याहून मोठी पावती कोणती?

आता पाचगणीच्या मुलाकडे येतो. फारुख बुलसारा १९४६ साली झांझिबारमध्ये एका पारशी घरात जन्मला. घराणं मूळचं गुजरातचं, आडनाव बुलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. बोईसरला गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाणगाव, डहाणू, घोलवड, संजाण, वापी, उदवाडा करत वलसाड येतं. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या आणि तिथली पारशी-इराणी घरं लहानपणापासून पाहिलेल्या आम्हाला हे आडनाव परकं वाटत नाही. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास फारुखला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला ठेवलं. तिथे तो पियानो शिकला आणि शाळेतल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये वाजवू लागला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी उचलायची आणि शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची. मुख्य गायक दुसराच मुलगा होता, फारुख पियानोवर असायचा. जगभर ज्याचा आवाज पुढे गाजला त्या फ्रेडी मर्क्युरीची सुरुवात अशी कव्हर वाजवण्यातून, आणि तीही आपल्या महाराष्ट्रात झाली, याचा मला मनापासून अभिमान आहे. १९८६च्या जुलैमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर 'क्वीन' बँडबरोबर त्याने 'टुटी फ्रुटी' गायलं. शाळेतल्या वयात लागलेली लिटल रिचर्डची गोडी त्याने इतकी वर्षं सोडली नव्हती.

पण मला बोलायचं आहे ते 'द ग्रेट प्रिटेंडर'बद्दल. फारुख पाचगणीत शाळकरी होता तेव्हा, नोव्हेंबर १९५५मध्ये, हे गाणं अमेरिकेत आलं. लिहिलं बक रॅम यांनी. गायलं 'द प्लॅटर्स' या त्यांच्याच गटाने, चार पुरुष आणि झोला टेलर ही एक स्त्री. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं नाव मर्क्युरी. फारुखने पुढे घेतलेल्या नावाशी त्याचा संबंध नाही, पण योगायोग सुंदर आहे. १९५६ साली गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. विषय आपल्याकडच्या कितीतरी भावगीतांत सापडेल असा: प्रेम हातचं गेलं आहे आणि माणूस चारचौघांत सुखी असल्याचं सोंग करतो आहे.

मूळ गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. पियानो प्रत्येक ठोक्याचे तीन सारखे भाग करत चालतो. कानाला दादऱ्याची सवय असेल तर ही चाल लगेच ओळखीची वाटते. ड्रम नावापुरता. मागे साथीदारांचे आवाज लांब स्वर धरून उभे आणि त्यांच्यावर टोनी विल्यम्सचा आवाज. वर चढताना हा माणूस स्वर सरळ पकडत नाही. स्वराला स्पर्श करून क्षणभर अडखळतो, हुंदका गिळल्यासारखा, आणि मग आवाज मोकळा सोडतो. सोंग करणाऱ्याचं सोंग तिथे उघडं पडतं. ते शब्दांतून नाही, त्या हरकतीतून कळतं.

फ्रेडीने हे गाणं १९८७च्या फेब्रुवारीत 'क्वीन'च्या बाहेर, स्वतःच्या नावावर काढलं. सोबत माइक मोरन हा कीबोर्डवाला आणि निर्माता होता. चाल, शब्द, तिनाचा ठेका यांना त्याने हात लावला नाही. वाढवला तो गाण्याचा विस्तार. लांबी साडेतीन मिनिटांच्या आसपास गेली, सिंथेसायझरचे जाड थर आले, ड्रम घुमणारे झाले. आणि मागचे आवाज! प्लॅटर्सच्या गाण्यात गायकाच्या पाठीशी खरीखुरी माणसं उभी आहेत. फ्रेडीच्या रेकॉर्डवर मागचे बहुतेक आवाज त्याचेच आहेत, एकावर एक रेकॉर्ड केलेले. म्हणजे एकटं पडल्याचं गाणं गाणारा माणूस आपली सोबतही आपणच करतो. कव्हरने मूळ गाण्यात घातलेली सगळ्यात मोठी भर मला हीच वाटते.

यामुळे गाण्याचा अर्थही सरकतो. विल्यम्सच्या तोंडी ते प्रेमभंग झालेल्या तरुणाचं आहे. फ्रेडी तेव्हा चाळिशीत होता. रंगमंचावर आपण जे करतो ते या गाण्याला नेमकं लागू पडतं, असं त्याने त्या वर्षीच्या मुलाखतीत सांगितलं होतं. डेव्हिड मॅलेटने केलेल्या व्हिडिओत तो आपल्याच जुन्या व्हिडिओंमधली रूपं आणि पोशाख एकामागून एक पुन्हा धारण करतो. त्यासाठी त्याने आपली प्रसिद्ध मिशीही काढली. मागे साथीला ठुमकणाऱ्या बायका म्हणजे तो स्वतः, 'क्वीन'चा ड्रमर रॉजर टेलर आणि फ्रेडीचा मित्र पीटर स्ट्रेकर. ब्रिटनच्या यादीत गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी वारला.

मी कॅसिओवर दोन्ही वाजवून पाहिली आहेत. प्लॅटर्सचं गाणं दहा बोटांत मावतं. डाव्या हाताने बास, उजव्याने तिनाची चाल, आणि बेंजोवाल्याने गायकाची ओळ घेतली की गाणं उभं राहतं. ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नसलं तरी दुःख पोचतं. फ्रेडीचं तसं उभं राहत नाही. त्याच्यातून त्याचा आवाज काढला की खाली पुन्हा प्लॅटर्सचंच गाणं उरतं. आमच्यासारख्या वाजवणाऱ्यांसाठी ही कसोटी महत्त्वाची आहे. ज्या कव्हरमध्ये वाद्यांची मांडणी बदलते, जसं हेंड्रिक्सचं, ते दुसऱ्याला शिकता येतं, वाजवता येतं. ज्यात फक्त गाणाऱ्याचं आयुष्य बदलतं, ते कुणाला उचलता येत नाही.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. गाणं म्हणून टोनी विल्यम्सचं मोठं. त्या अडखळण्याच्या जवळपासही फ्रेडी जात नाही, जायचा प्रयत्नही करत नाही. पण स्वतःची ओळख दुसऱ्याच्या गाण्यातून सांगावी कशी, याचा फ्रेडीच्या कव्हरइतका चांगला नमुना मी ऐकलेला नाही. पॅट बूनने दुसऱ्याचं गाणं घेऊन त्यातला माणूस काढून टाकला, फ्रेडीने दुसऱ्याचं गाणं घेऊन त्यात स्वतःला ठेवलं.

दोन्ही गाणी मोबाइलवर सहज मिळतात. आधी प्लॅटर्सचं ऐका, शक्यतो इअरफोन लावून, आणि मागचे आवाज कुठे थांबतात तिकडे कान द्या. मग फ्रेडीचं लावा, पण पहिल्या खेपेला व्हिडिओ पाहू नका. नुसता आवाज ऐका. व्हिडिओ दुसऱ्या वेळी.