मिलटाउन मॅलबेतला आठवडा

माझी मुलगी आणि जावई आयर्लंडमध्ये लिमरिकला असतात. नातू बारा वर्षांचा आहे. तिथल्या बऱ्याच शाळांत मुलांना टिन व्हिसल वाजवायला शिकवतात. टिन व्हिसल म्हणजे आपल्या अलगुजाची धातूची बहीण. सहा भोकं असतात, किंमत अगदी कमी, आणि घरात सतत वाजत राहिली तर डोकं उठवणारी. दोन वर्षांपूर्वी मी तिकडे गेलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, याला जुलैत मिलटाउन मॅलबेला शिकायला न्यायचंय. आम्हा दोघांनाही रजा नाही. तुम्ही याच्याबरोबर राहाल का?" मी गावाकडच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवली आहे. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

मिलटाउन मॅलबे हे पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेअर परगण्यातलं गाव. एक लांब मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना रंगवलेली दुकानं, त्यांत दर चार दारांनंतर एक पब. वस्ती हजाराच्या आतबाहेर. जवळच्या किनाऱ्याला स्पॅनिश पॉइंट म्हणतात, कारण १५८८ साली स्पेनच्या आरमारातली जहाजं या बाजूला वादळात सापडून फुटली. १८८७ मध्ये एनिसहून इथपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी आली. ती इतकी बेभरवशाची होती, की पर्सी फ्रेंच नावाच्या एका विनोदी गायकाचा कार्यक्रम तिच्यापायी रखडला. त्यानं कंपनीवर दावा लावला आणि वर तिच्यावर गाणंही रचलं. गाडी १९६१ मध्ये बंद पडली, गाणं अजून म्हणतात.

एरवी हे गाव झोपाळू असावं. पण जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास इथे विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं आणि देशोदेशींची माणसं पाठीला वाद्यं अडकवून येतात. वर्ग सकाळी असतात. शाळांच्या खोल्या पुरत नाहीत, म्हणून लोकांच्या घरांतही शिकवणी चालते. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्यांच्या जेवणघरात रोज सकाळी सात-आठ फिडलवाले बसत. फिडल म्हणजे व्हायोलिनच, वाजवण्याची तऱ्हा मात्र वेगळी.

आता हा विली क्लॅन्सी कोण? १९१८ मध्ये याच गावाजवळ जन्मलेला एक सुतार. आधी व्हिसल, मग बासरी आणि पुढे इलन पाइप्स वाजवणारा. हे वाद्य जरा समजून घ्यायला हवं. पाइप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लष्करी बँडातला, गाल फुगवून फुंकणारा वादक येतो. इलन पाइपला तोंड लावतच नाहीत. उजव्या कोपराखाली छोटा भाता बांधलेला असतो, त्यानं हवा भरायची. डाव्या काखेत पिशवी, तिला दाबून हवेचा जोर सांभाळायचा. दोन्ही हातांची बोटं मुख्य नळीवर सूर काढतात. आमच्याकडे सनईला मागे सूर धरणारा असतो, तशा तीन नळ्या मांडीवर आडव्या पडून एकच सूर धरून राहतात. शिवाय चाव्यांच्या आणखी काही नळ्या असतात, त्या मनगटानं दाबून मधूनमधून साथ द्यायची. 'इलन' हा शब्दच आयरिश भाषेतल्या कोपरावरून आलेला. सात वर्षं शिकायचं, सात वर्षं रियाज करायचा आणि सात वर्षं वाजवायचं, तेव्हा कुठे माणूस पाइपवाला होतो, असं तिथे म्हणतात. भाता, पिशवी, दोन्ही हात आणि वर मनगट, हे सगळं एकदम चाललेलं पाहिलं आणि मला एकवीस वर्षं कमीच वाटली.

विलीच्या वडिलांच्या तरुणपणी त्या भागात गॅरेट बॅरी नावाचा आंधळा पाइपवाला होता. तो १८९९ मध्ये गेला, म्हणजे विलीच्या जन्माआधीच. पण त्याच्या चाली विलीच्या वडिलांच्या कानात राहिल्या होत्या, त्यांनी त्या मुलाला दिल्या. प्रत्यक्ष पाइप विलीनं ऐकले ते जॉनी डोरनकडून. डोरन हा भटक्या जमातीतला, घोड्याच्या गाडीतून जत्रा आणि शर्यती करत फिरणारा. त्याचं वादन १९४७ मध्ये डब्लिनला लोकसाहित्य जमवणाऱ्या सरकारी मंडळानं तबकड्यांवर मुद्रित केलं. पुढच्याच वर्षी त्याच्या अंगावर भिंत कोसळली आणि १९५० मध्ये तो गेला. त्या तबकड्या काही महिने लांबल्या असत्या, तर आज डोरनचं नुसतं नाव उरलं असतं.

हे संगीत मुळात स्वयंपाकघरातलं. फरशीवर चार जोड्या नाचायच्या, कोपऱ्यात एखादी बाई कॉन्सर्टिना वाजवायची. कॉन्सर्टिना म्हणजे हातात मावणारी षटकोनी पेटी. आपल्या पेटीसारखेच तिच्यात धातूचे सूर असतात, पण एकच बटण भाता ओढताना एक सूर देतं आणि दाबताना दुसरा. क्लेअरमध्ये ती बायकांची लाडकी. १९३५ मध्ये सरकारनं नाचासाठी परवाना लागेल असा कायदा केला. धर्मगुरूंनाही रात्रीचे नाच खपत नव्हते. कायदा होता सार्वजनिक नाचघरांसाठी, पण त्याच्या नावाखाली घरातले नाचही बंद पाडले गेले. त्यात गावोगावची तरुण पोरं पोटासाठी इंग्लंड-अमेरिकेला जात होती. विलीसुद्धा लंडनला सुतारकामाला गेला आणि १९५७ मध्ये वडील वारल्यावर परतला. १९६८ साली पाइपवाल्यांची संघटना निघाली, तेव्हा हे वाद्य वाजवणारे शंभरही उरले नव्हते, असं सांगतात.

जानेवारी १९७३ मध्ये विली गेला, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. गावकऱ्यांनी आणि मित्रांनी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हे शिबिर सुरू केलं. पुतळा नंतर कधीतरी झाला, आधी वर्ग भरले. मला या क्रमाचं फार कौतुक वाटतं. आपल्याकडे बहुधा उलटं होतं. २०१७ मध्ये युनेस्कोनं इलन पाइपवादनाला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

संध्याकाळी आम्ही पबमध्ये जात असू. दचकू नका, तिथे मुलांनाही नेतात, आणि मी चहाच पीत होतो. जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो. पबात व्यासपीठ नाही, माइक नाही. एका टेबलाभोवती वादक गोल बसतात, श्रोत्यांकडे पाठ करून. एक जण चाल सुरू करतो. ज्यांना ती येते ते शिरतात, न येणारे वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. चालीचे बहुधा दोन भाग असतात, आपल्या अस्थाई-अंतऱ्यासारखे. प्रत्येक भाग दोनदा, सगळी चाल दोन-तीनदा, आणि मग न थांबता दुसरी. जिग सहा मात्रांच्या, आपल्या दादऱ्याजवळच्या. रील चौपट अंगाच्या. (मोबाइलवरच्या रीलशी संबंध नाही, हे नातवानं मला आवर्जून सांगितलं.) सगळे एकच चाल वाजवतात, पण मुरक्या-खटके ज्याचे त्याचे.

पहिल्या रात्री मला राहवलं नाही. मी टेबलावर बोटांनी ठेका धरला. दोन मिनिटांनी शेजारचे एक वृद्ध फिडलवाले हसून माझ्या हातावर हात ठेवून गेले, नुसता ठेवला आणि उचलला. ठेका चालीच्या आतच असतो, बाहेरून द्यायचा नसतो, हे मला नातवानं नंतर समजावलं. चाळीस वर्षांच्या पेटीवाल्याला! पण त्याचं बरोबर होतं.

त्याच्या वर्गात कागद नव्हते. बाई चार-चार सूर वाजवायच्या, मुलं परत वाजवायची. चुकलं तर बाई काही बोलत नसत, पुन्हा वाजवत. तिसऱ्या दिवशी तो गॅरेट बॅरीच्या नावानं चालणारी जिग घेऊन आला. आंधळ्या माणसाकडून बापाला, बापाकडून सुताराला, आणि आता लिमरिकला राहणाऱ्या एका मराठी पोराला. मी त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "मग आजोबा, तुमच्या बाबांची एखादी चाल सांगा ना."

माझे वडील भजनाला स्वतः चाली बांधायचे. गावात त्या 'मास्तरांच्या चाली' म्हणूनच ओळखल्या जात. मी त्याला एक गुणगुणून दाखवली. त्यानं धुवपद पाच मिनिटांत व्हिसलवर बसवलं. "आता दुसरा भाग?" मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. शेकडो वेळा पेटीवर वाजवलेला अंतरा. पेटी समोर असती तर बोटांना आठवला असता कदाचित. लिहून ठेवला नव्हता, कुणाला शिकवलाही नव्हता. वडिलांना जाऊन तीस वर्षं झाली, मंडळ बंद पडून बारा. ती रात्र मी त्या परक्या घराच्या खिडकीत बसून काढली. कुठूनतरी रील ऐकू येत होते, आणि मी दर वेळी धुवपदाच्या शेवटापर्यंत जाऊन अडकत होतो.

सकाळी नऊला गावी चुलतभावाला फोन लावला. तिकडे दुपारचा दीड, नाना जेवून आडवा झाला होता. "अरे, ही काय वेळ आहे का?" म्हणाला. पण उठून बसला. फोन स्पीकरवर टाकला. नातू रेकॉर्ड करायला निघाला, मग त्याचं त्यालाच काही वाटलं असावं, त्यानं मोबाइल खाली ठेवला आणि व्हिसल हातात घेतली. नानानं अंतरा म्हटला. पुन्हा म्हटला. चौथ्या वेळेला पोरानं तो पुरा उचलला.

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की शेवटची ओळ वडील खाली उतरवायचे आणि नाना ती वरच ठेवतोय. ती काकांची सवय. म्हणजे ही चाल वडिलांची, पण काकांच्या गळ्यातून आलेली. मी काही बोललो नाही. नातू डोळे मिटून वाजवत होता, आणि पलीकडून नाना विचारत होता, "जमतंय का रे त्याला?"