सिमेंट वाळत नाही, पाणी धरते

आपल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात दुकान वा गोदाम बांधताना सिमेंट-लोखंडाचा भाव आपण दहा ठिकाणी विचारतो. बांधकामावर पाणी किती दिवस मारले, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हा कापडवाल्यांचा माल वाळला की तयार झाला. सिमेंटचे उलट आहे. ते वाळून नव्हे, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते.

चुनखडी व चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजतात व थोडे जिप्सम घालून दळतात. हे झाले सिमेंट. पाणी मिळताच त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट हा पदार्थ तयार होतो. हाच खरा डिंक! त्याचे अतिसूक्ष्म धागे व पापुद्रे एकमेकांत गुंतून वाळू-खडीला जखडतात. सोबत थोडा चुनाही सुटतो. पीपीसी सिमेंटमधील राख त्या चुन्याचाही असाच डिंक करते, पण सावकाश. जुने कारागीर चुन्यात सुर्खी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी, घालत. तिचे कामही हेच.

डिंकाचे मोल आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरे यांच्या काळातील नळदुर्गचा पाणीमहाल १६१३ पासून बोरी नदीचे पाणी झेलत उभा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात मात्र सास्तूर परिसरातील मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या. दगड काळाच होता. त्याला धरणारे कच्चे होते.

आता व्यवहाराचे. ५० किलोच्या पोत्याला डिंक होण्यापुरते सुमारे १२ लिटर पाणी लागते. वरचे पाणी माल कालवण्यासाठी. ते उडून गेले की छिद्रे राहतात. म्हणून नेहमीच्या प्रमाणाच्या एम-२० मालाला, ओल्या वाळूतील पाणी धरून, पोत्यामागे ३० लिटरच्या वर जाऊ नये. आळत आलेला माल पुन्हा पाणी घालून वापरू नये.

स्लॅब पडल्यावर मात्र पाण्यात हात आखडू नये. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला १०. उन्हाळ्यात अनुक्रमे १० व १४ दिवस ओल टिकली पाहिजे. टँकर महाग असेल तर स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे, खांबांना ओले बारदान गुंडाळावे. थोड्या पाण्यात काम भागते.

बांधवांनो, इसराफ टाळणे आपले कर्तव्यच आहे. पण हे पाणी इसराफ नव्हे. ते वाचवून पोत्यांचा पैसा वाया घालवणे, हा इसराफ!