पासपोर्टाविना विश्वनागरिक

‘विश्वनागरिक’ हा शब्द अलीकडे महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांत सर्रास दिसतो. तो वाचला, की परदेशी शिक्षण, फाडफाड इंग्रजी आणि विमानप्रवास असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. मग ज्यांच्याकडे पासपोर्टच नाही, अशा मुलामुलींनी काय करायचे? यवतमाळ किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला विश्वनागरिक होताच येणार नाही का?

उत्तरासाठी थोडे मागे जाऊ या. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात स्वयंसेवकांचे शिबिर भरवले. त्यात जर्मन तरुणही होते. कालच्या शत्रूने येऊन घरे बांधावीत, शेते साफ करावीत, ही कल्पनाच धाडसी होती. जर्मनांना विरोध झाला आणि काही महिन्यांतच शिबिर आवरावे लागले. पण त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. जानेवारी १९३४मध्ये बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेसोल मोजके सहकारी घेऊन तिथे आले आणि गावे पुन्हा वसवण्याच्या कामाला लागले.

या संस्थेचा धागा आपल्या वरोऱ्यापर्यंतही येतो. १९५०च्या दशकात तिचे देशोदेशींचे तरुण बाबा आमटे यांच्या आनंदवनात आले. कुष्ठरुग्णांच्या सावलीलाही लोक उभे राहत नव्हते, त्या काळात या मुलांनी रुग्णांच्या बरोबरीने इमारती उभारल्या. परक्या देशातली माणसे इथे निर्धास्त राबतात, हे पाहून आसपासच्या लोकांची भीती ओसरायला मदत झाली. पुढे १९६४मध्ये आनंदवनातच महाविद्यालय सुरू झाले. ज्या वस्तीकडे लोक पाठ फिरवत होते, तिथे त्यांचीच मुले शिकायला जाऊ लागली. भीती घालवणे, हे विश्वनागरिकाचे पहिले काम म्हणायला हवे.

आपल्याकडे अशा कामाची वाट महाविद्यालयातच आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, असा तिचा साचा. साचा चांगलाच आहे. पण तास भरणे हेच उद्दिष्ट झाले, की दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावून छायाचित्र काढले जाते. मुलांना प्रमाणपत्र मिळते आणि गाव होते तिथेच राहते.

हे टाळायचे, तर वर्गातला अभ्यास आणि गावातले काम यांची गाठ घालावी लागते. एक उदाहरण घेऊ. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला दीड मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणापासून पोटात गेले, तर दातांवर डाग पडतात. प्रमाण फारच जास्त असले आणि असे पाणी वर्षानुवर्षे प्यायले, तर हाडेही वाकू शकतात. वाकलेले हाड औषधाने सरळ होत नाही.

अशा गावात शिबिर असेल, तर रसायनशास्त्राच्या मुलांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली बोअरवेलचे पाणी तपासावे. भूगोलाच्या मुलांनी खडक आणि विहिरींची खोली नकाशावर मांडावी. मराठीच्या मुलांनी निष्कर्ष सोप्या शब्दांत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि पुढचा पाठपुरावा सगळ्यांनी मिळून करावा. त्याआधी घरोघरी जाऊन पाणी कोण भरते, कुठून आणते, हे विचारावे. गावातल्या बायकांना जे ठाऊक असते, ते पुस्तकात सापडेलच असे नाही.

यात जग कुठे आले? केनिया आणि इथिओपियातल्या खेड्यांतही हेच दुखणे आहे. आपल्या गावातल्या मुलाचे डागाळलेले दात ज्या मुलीने पाहिले, तिला केनियातल्या आईची काळजी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तिथे कोणता उपाय चालला, हे ती शोधेल आणि आपला अनुभवही त्यांना कळवेल. माहितीची अशी देवाणघेवाण करायला व्हिसा लागत नाही.

परदेशी जरूर जावे. जग पाहिल्याने दृष्टी मोठी होते. मात्र तिथेही विचारावे लागते ते हेच: तुम्हाला काय हवे आहे आणि मला काय येते? हा प्रश्न शेजारच्या गावात विचारायची सवय लागली, तर तो जगाच्या पाठीवर कुठेही विचारता येतो. महाविद्यालयाच्या तीन वर्षांत एवढी एक सवय लागली, तरी पुष्कळ झाले.