वैनगंगेपलीकडचा कौटुंबिक प्रवास

ब्रह्मपुरीहून कुटुंबासह मोटारीने निघणाऱ्याने वैनगंगा ओलांडली की आरमोरीपासून गडचिरोली जिल्हा लागतो. चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेल्या या जिल्ह्याचा बहुतांश भाग वनाच्छादित असल्याने येथील प्रवासाचे नियोजन अंतरापेक्षा ऋतू आणि उजेड पाहून करावे लागते. चामोर्शीजवळ मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते, म्हणजे आपली दक्षिणेकडची वाट सोडून काही अंतर उत्तरेकडे वाहते, आणि तिच्या काठावरील शिल्पसमृद्ध शिवमंदिरांसाठी अर्धा दिवस राखून ठेवणे योग्य ठरते. पुढे आलापल्लीच्या सागवनातून सुमारे ६० किलोमीटरवर हेमलकसा येते, जेथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला; त्याच्या लगत भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा त्रिवेणी संगम आहे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता अनेक पावसाळ्यांत बंद पडला असल्याने हिवाळाच सोयीचा. मात्र मुलांना वाघ दाखवण्यासाठी याच फेरीत ताडोबाही उरकण्याचा हट्ट (तो बहुधा मोठ्यांचाच असतो) सोडलेला बरा. इंधन आलापल्लीतच भरावे, मुक्काम आधी ठरवावा आणि जंगलातला टप्पा सूर्यास्तापूर्वी संपवावा.