वाकडा काप

२०१७ च्या पावसाळ्याआधी मी एक जुना बँडसॉ घेतला. कोल्हापूरजवळ शिरोलीला, महामार्गालगत आमची छोटी शेड आहे. एक लेथ, एक ड्रिल, दोन वेल्डिंग मशिनं आणि काम बहुतेक गुऱ्हाळांच्या चरकांचं. चरकाच्या शाफ्टसाठी ७५ ते १०० मिमीचे गोल बार कापावे लागतात. तोवर ते पॉवर हॅक्सॉवर कापत होतो. हॅक्सॉ एका दिशेनं कापतो आणि दुसऱ्या दिशेनं रिकामा येतो. ऐन हंगामात शंभरचा बार लावून त्याच्याकडे बघत बसणं जिवावर यायचं. बँडसॉचं ब्लेड म्हणजे दोन चाकांवर फिरणारा अखंड पट्टा, त्याला रिकामी फेरीच नाही.

नवीन यंत्र आवाक्याबाहेर होतं. हा मिळाला भंगाराच्या आवारात, उघड्यावर, चाकांत गवत उगवलेला. स्विंग टाइप, म्हणजे वरचं धड एका बाजूला बिजागरीवर उघडणारं. मोटर जळालेली, बेल्ट गायब, व्हाइसच्या स्क्रूचे आटे गेलेले. वजनाच्या भावाहून थोडं वर, २८,००० रुपयांना सौदा ठरला. घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या: बिडाच्या धडाला तडा नाही, दोन्ही चाकं हातानं सैल फिरतात आणि गियरबॉक्सचं झाकण काढल्यावर वर्मव्हीलचे दात शाबूत आहेत. ते व्हील गनमेटलचं असतं. त्याचे दात झिजून पातळ झाले असते तर मी यंत्राला हात लावला नसता. चौथी गोष्ट पाहायची राहिली, ती म्हणजे ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरणारे गाइड. पुढची तीन वर्षं त्यातच गेली.

पहिले चार महिने दुरुस्ती भराभर झाली. मोटर रिवाइंड केली, स्टार्टर बसवला, व्हाइसचा स्क्रू लेथवर नवा केला. धड स्वतःच्या वजनानं खाली येतं आणि किती वेगानं यायचं ते हायड्रॉलिक सिलिंडर ठरवतो. त्याचं सील गळत होतं. एकदा धड धाडकन बारावर आदळलं आणि ब्लेडचे सात-आठ दात उडाले. सील बदललं तसं तेही थांबलं. रंगसुद्धा दिला.

मग पहिला शंभरचा बार कापला. बाराच्या माथ्यापासून तळापर्यंत येताना काप ३ मिमी बाजूला सरकला होता.

मी ब्लेडला दोष दिला. २७ मिमी रुंद, ०.९ मिमी जाड असं नवं बायमेटल ब्लेड आणलं. हे ब्लेड दोन धातूंचं असतं: पाठ स्प्रिंग स्टीलची, वाकत राहिली तरी न तुटणारी, दातांची कड हायस्पीड स्टीलची, इलेक्ट्रॉन बीमनं पाठीला वेल्ड केलेली. बँडसॉचं पहिलं पेटंट इंग्लंडमध्ये १८०९ सालचं, विल्यम न्यूबेरी यांच्या नावावर. पण चाकावर सतत वाकूनही टिकेल असा पट्टा आणि पक्का सांधा तेव्हा कोणाला जमत नव्हता, म्हणून ते यंत्र अनेक वर्षं मागेच राहिलं. आपल्या हातातल्या पट्टीत किती लोकांची खटपट आहे हे कळलं की ती भिंतीवर खिळ्याला कशीही अडकवावीशी वाटत नाही.

त्या ब्लेडचं मात्र मी वाटोळं केलं. नव्या दातांची धार काचेसारखी ठिसूळ असते. सुरुवातीचे काप निम्म्या दाबानं घेऊन ती जराशी बोथट होऊ द्यायची, म्हणजे पुढे टिकते. मी पहिल्याच बाराला पूर्ण दाब दिला. आता कीस बघून दाब ठरवतो. भुकटी पडली तर दात नुसते घासताहेत, कीस निळा झाला तर दाब जास्त, सैल वळलेला आणि हाताला फार गरम न लागणारा पडला तर ठीक. ब्लेड निवडताना निदान तीन दात सतत कामात राहतील असं बघतो. भरीव बाराचं ब्लेड पातळ पाइपला लावलं की पाइपच्या कडेत दात अडकून तुटतात.

नव्या ब्लेडचा कापही वाकडाच आला. मग मी व्हाइसला दोष दिला, मग बिजागरीच्या पिनला. पिन नवी केली, बुश बदलले, फरक शून्य. शेवटी हार मानून प्रत्येक तुकडा ५ मिमी लांब कापायचा आणि लेथवर फेसिंग मारायचं, असा रिवाज पडला. लोखंड वाया, वेळ वाया. जुनं यंत्र आहे, एवढं चालायचंच, असं मी गिऱ्हाइकांनाही सांगत होतो. त्या वाक्याची मला आज खरोखर लाज वाटते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. आमच्या शेडमध्ये दोन फूट पाणी होतं. गियरबॉक्समधून निघालेलं तेल दुधाच्या चहासारखं दिसत होतं. सगळं उघडलं, डिझेलनं धुतलं, बेअरिंगं बदलली. मोटर उंचावर होती म्हणून वाचली.

यंत्र सरळ झालं ते २०२० च्या टाळेबंदीत. काम बंद, हाताशी वेळ. शेजारच्या शेडमधले म्हातारे टर्नर, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, दारात उभे राहून म्हणाले, "ब्लेडला गुण्या लावून बगितलास काय कधी?"

"व्हाइसला लावलाय, अण्णा."

"व्हाइसला न्हवं. ब्लेडला."

त्यांनी छोटा गुण्या बेडवर उभा करून ब्लेडच्या अंगाला टेकवला. दातांना नाही, कारण दात आलटूनपालटून बाहेर वळवलेले असतात, तिथं माप खोटं येतं. मागच्या गाइडजवळ ब्लेड सरळ होतं. पुढच्या गाइडजवळ गुण्या आणि ब्लेड यांच्यात वरच्या अंगाला उजेड दिसत होता. काप माथ्यापासून तळाकडे तिरका जात असेल तर दोष गाइडचा. वरून बघताना तिरका दिसत असेल तर व्हाइसच्या जॉचा. एवढा साधा फरक मी तीन वर्षं केला नव्हता.

गाइड सोडवला. एका बाजूच्या कार्बाइड पॅडला खड्डा पडला होता आणि बेअरिंगचा एक्सेंट्रिक बुश त्याच्या जागी घट्ट गंजला होता. बुश काढायला दोन दिवस लागले. नवा बुश स्वतः केला, पॅड दोन्ही बदलले, आणि पुढच्या गाइडचा हात बारापासून बोटभर अंतरावर आणून आवळला. आधी तो कायम टोकाला असायचा, मधलं ब्लेड मोकळं.

तपासायची रीत अण्णांचीच. बाराचं तोंड कापायचं, बार व्हाइसमध्ये अर्धा फिरवायचा आणि पातळ चकती काढायची. कापातली चूक चकतीत दुप्पट होऊन दिसते. पहिल्या चकतीत व्हर्नियरनं फरक आला १.१ मिमी. संध्याकाळपर्यंत अकरा चकत्या काढल्या. अकरावीत ०.३ होता. ती चकती तारीख टाकून टूलबॉक्सच्या झाकणात ठेवली आहे.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा पाणी चढायच्या आधीच चेन ब्लॉकनं बँडसॉ उचलून विटांच्या चार फूट उंच ओट्यावर ठेवला होता. तो अजून त्याच ओट्यावर आहे, पायऱ्या करून घेतल्या.

आता एक गोष्ट राहिली आहे. ब्लेडची पाठ ज्या कडेला टेकून धावते, ती चालत्या चाकाची कड झिजली आहे आणि ब्लेड थोडं मागे सरकतं. चाकाचा लाकडी पॅटर्न फाउंड्रीत दिला आहे. ओतीव चाक दिवाळीनंतर येईल, मग त्याला लेथवर घेऊ. तोवर गुऱ्हाळांचे शाफ्ट सुरू झालेले असतील, म्हणून बदल रविवारीच करावा लागेल. अण्णांना तसं सांगून ठेवलं आहे.