पाळणा की कूस?

डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९४६ साली निघाली आणि अमेरिकेतल्या आयांच्या दोन पिढ्यांनी ते पोथीसारखं उशाशी ठेवलं. १९५० च्या दशकातल्या आवृत्त्यांत त्यात एक सल्ला शिरला. तान्ह्या बाळाला पालथं झोपवा, कारण उताण्या बाळाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाईल. ऐकायला बिनतोड. प्रत्यक्षात बाळ उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला राहते, म्हणून वर आलेलं दूध परत खाली जाणं सोपं असतं. पालथं केलं की सगळं उलटं होतं. पण हे कुणी तपासलं नाही. डॉक्टर सांगत राहिले, परिचारिका दवाखान्यातच बाळं पालथी करत राहिल्या, आणि पाश्चात्त्य देशांत धडधाकट बाळं झोपेत दगावण्याचं प्रमाण वाढत गेलं.

लंडनच्या रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जुने अभ्यास पुन्हा एकत्र मांडले. पालथं झोपवण्यातला धोका १९७० पर्यंतच्या आकड्यांतच दिसत होता. तो तेव्हाच वाचला गेला असता तर ब्रिटनमधली १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान ५०,००० बाळं वाचली असती, असा त्यांचा हिशेब निघाला. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या चांगल्या हेतूने झालेली इतकी मोठी हानी फार थोडी असेल.

चाक फिरलं ते १९८० च्या दशकाच्या शेवटी. हॉलंडमध्ये १९८७ पासून बाळाला पालथं झोपवू नका, असं सांगायला सुरुवात झाली. ब्रिटनमधल्या एव्हन परगण्यात पीटर फ्लेमिंग यांनी तोच धोका १९९० मध्ये दाखवून दिला. पुढच्या वर्षी दूरचित्रवाणीवरच्या लोकप्रिय निवेदिका ॲन डायमंड यांचं चार महिन्यांचं बाळ झोपेत गेलं. त्या गप्प बसल्या नाहीत. न्यूझीलंडला जाऊन तिथली मोहीम पाहून आल्या, आणि १९९१ संपायच्या आत ब्रिटिश सरकारची ‘उताणं झोपवा’ मोहीम पडद्यावर होती. अमेरिकेत ती १९९४ मध्ये आली. काही वर्षांतच ब्रिटनमध्ये हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. लस नाही, औषध नाही, यंत्र नाही. फक्त बाळाची कूस बदलली.

इथवरची गोष्ट सरळ आहे. गुंता पुढे आहे.

न्यूझीलंडची ती मोहीम ज्या अभ्यासावर उभी होती, त्यात धोक्याच्या चार गोष्टी पुढे आल्या होत्या. पालथं झोपवणं, आईचं धूम्रपान, अंगावर न पाजणं आणि बाळाला शेजारी घेऊन झोपणं. पहिल्या तिन्हींबद्दल वाद नव्हता. चौथीने मात्र पुढची तीस वर्षं तज्ज्ञांना एकमेकांसमोर उभं केलं. कारण अंगावर पाजणाऱ्या बाईला दर दोन-तीन तासांनी उठावं लागतं, आणि बाळ कुशीत असेल तरच ते निभतं. अंगावर पाजा म्हणायचं आणि जवळ घेऊन झोपू नका म्हणायचं, या दोन सल्ल्यांच्या मधे रात्री दोन वाजता डोळे मिटत आलेली एक बाई बसलेली असते. ती कुणाच्या हिशेबात नव्हती.

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९९ मध्ये मोठ्यांच्या पलंगावर दगावलेल्या ५१५ मुलांचा अहवाल काढला. बातमी झाली ती ‘आईच्या अंगाखाली बाळ’ अशी. अहवाल नीट वाचला तर सोबत झोपलेल्या कुणाच्या तरी, म्हणजे मोठ्या माणसाच्या किंवा भावंडाच्या, अंगाखाली आलेली मुलं १२१ होती. उरलेली ३९४ गादी आणि भिंतीमधल्या फटीत किंवा पलंगाच्या कठड्यात अडकून, किंवा अशाच प्रकारे गुदमरली होती. दारू, सिगरेट यांचा हिशेब नव्हता. पलंगावर सुखरूप झोपलेली मुलं किती, हा प्रश्न तर त्या अहवालाच्या कक्षेतच नव्हता. २००५ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आई-बाळाने एका पलंगावर झोपूच नये, एका खोलीत मात्र झोपावं, असं सांगितलं. २०११ मध्ये मिल्वॉकी शहराच्या आरोग्य विभागाने तर पलंगावर झोपलेल्या बाळाशेजारी भला मोठा सुरा ठेवलेलं भित्तिपत्रक लावलं. बाळंतिणीला घाबरवून शहाणं करता येतं, ही समजूत सगळ्याच खात्यांत कशी काय रुजते कोण जाणे.

घाबरलेली आई पलंग सोडते आणि सोफ्यावर जाऊन पाजते. तिथे तिला झोप लागते. बाळ सोफ्याच्या पाठीत किंवा उशांच्या खाचेत सरकतं. फ्लेमिंग आणि पीटर ब्लेअर यांनी २००६ मध्ये वीस वर्षांची आकडेवारी मांडली तेव्हा एकूण मृत्यू खूप घटलेले होते, पण सोफ्यावर मोठ्या माणसासोबत झोपलेल्या बाळांचे मृत्यू वाढले होते.

इकडे दोन मानववंशशास्त्रज्ञ वेगळ्याच वाटेने चालले होते. अमेरिकेत जेम्स मॅकेना आणि इंग्लंडमधल्या डरॅमला हेलन बॉल. दोघांनी अंधारात चालणारे कॅमेरे लावून आई-बाळाची झोप रात्र रात्र पाहिली. अंगावर पाजणारी आई कुशीवर वळते, गुडघे बाळाच्या पायांखाली आणते, हात त्याच्या डोक्यावरून घेते. बाळ छातीच्या पातळीला राहतं, उशीपासून लांब. दोघांची झोप हलकी असते, एक हलला की दुसरा चाळवतो. बाटलीचं दूध पिणारी बाळं मात्र बऱ्याचदा वर, आईच्या तोंडाजवळ, उशीच्या आसपास ठेवलेली दिसली. म्हणजे ‘पलंगावर बाळ’ ही एकच गोष्ट नव्हती.

न्यूझीलंडने यातून काढलेला मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. माओरी कुटुंबांत बाळ एकटं झोपवणं रीतीत बसत नव्हतं, आणि गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या बायकांचं प्रमाण जास्त होतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की धोका अनेक पटींनी वाढतो. नुसतं ‘जवळ घेऊ नका’ म्हणून काही होईना. मग डॉ. डेव्हिड टिपेने-लीच आणि विणकर बायकांनी २००५-०६ च्या सुमारास ‘वहाकुरा’ पुढे आणला. हराकेके या तिथल्या वनस्पतीच्या पात्यांची विणलेली, बाळापुरती उथळ टोपली. ती आईच्या अंथरुणातच ठेवायची. बाळ जवळही आणि वेगळंही. २०१७ मध्ये छापून आलेल्या चाचणीत दोनशे आयांपैकी निम्म्यांना वहाकुरा आणि निम्म्यांना साधा पाळणा दिला होता. वहाकुरात धोका वाढला नाही, आणि सहा महिन्यांनंतर निव्वळ अंगावर पाजणाऱ्या आया तिकडे दुपटीने होत्या.

बाकीच्यांनी हळूहळू सूर बदलला. अमेरिकन अकादमीने २०१६ मध्ये कबूल केलं, की पाजताना डोळा लागण्याची शक्यता असेल तर सोफ्यापेक्षा उशा-पांघरुणं काढलेला पलंग कमी धोक्याचा. २०२२ मध्येही सोबत झोपण्याला तिने मान्यता दिलेली नाहीच. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शनात सरसकट बंदी नाही. सोबत झोपायचं तर कसं आणि कुणी अजिबात झोपू नये, हे आईशी बोला, असं ते सांगतं. दारू किंवा गुंगीचं औषध घेतलेल्यांनी नाही, सिगरेट ओढणाऱ्यांनी नाही, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा जन्मतः अडीच किलोंखालचं असेल तर नाही.

हे वाचून ‘आमच्या आज्यांना सगळं ठाऊक होतं’ म्हणण्याचा मोह होतो. अर्धं खरं आहे. जमिनीवर घातलेली पातळ गोधडी, शेजारी आई, बाळ उताणं; सोफ्यापेक्षा हे अंथरूण किती तरी सुरक्षित. पण त्याच आज्या डोक्याला आकार यावा म्हणून राईची उशी देतात, उकाड्यातही कुंची बांधतात. आणि ‘झोपून पाजू नकोस, कान फुटेल’ हे तर घराघरात ऐकू येतं. आडवं पडून बाटली पाजण्याबद्दलची धास्ती समजू शकते. अंगावरच्या दुधाने कानाचे विकार उलट कमी होतात. या धाकाने बाळंतीण भिंतीला टेकून किंवा दिवाणावर बसून पाजते, मान लवंडते, मांडीवरचं बाळ घसरतं. तो सोफाच, फक्त नाव वेगळं.

आणखी एक गोष्ट परदेशी पत्रकांत सापडत नाही. ‘सिगरेट ओढता का?’ असं विचारलं तर मिश्री लावणारी बाई ‘नाही’ म्हणणार, आणि ते खरंच असणार. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांच्या २००४ मधल्या अभ्यासात मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. भारतात जन्मणाऱ्या सुमारे १८ टक्के बाळांचं वजन अडीच किलोंच्या आत असतं. म्हणजे ज्यांनी आईच्या अंथरुणात झोपू नये असं ब्रिटन सांगतं, तशी बाळं आपल्याकडे भरपूर, आणि खोली एक, अंथरूण एक. याच बाळांना ऊब मिळावी म्हणून कांगारू पद्धतीने छातीशी बांधून ठेवायलाही सांगितलं जातं. पहिल्या ४२ दिवसांत घरी येणाऱ्या आशाताईला दोन्ही गोष्टी एकाच बाईला समजावून सांगायच्या असतात. कांगारूची पाळी घ्यायला मात्र आईच लागते असं नाही. पाजून झाल्यावर बाळ बापाच्या किंवा आजीच्या छातीशी बांधलं, आणि ते माणूस जागं राहिलं, तर तेवढे दोन तास आई एकटी, निवांत झोपू शकते.