तारघरातले अध्यक्ष आणि दमलेले घोडे

देशाचे अध्यक्ष आपणहून तुमच्या घरी आलेत, बाहेरच्या खोलीत ताटकळत बसलेत, आणि तुम्ही सरळ जिना चढून झोपायला निघून गेलात! असं कुणी करेल का? एकाने केलं होतं. तारीख १३ नोव्हेंबर १८६१, गाव वॉशिंग्टन. ताटकळणारे होते अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन, आणि झोपायला गेलेले त्यांचेच सरसेनापती जॉर्ज मॅक्लेलन.

मॅक्लेलनसाहेब एका लग्नाला गेले होते. परत आले तेव्हा नोकराने सांगितलं, अध्यक्ष थांबलेत. साहेब त्या खोलीच्या दारावरून तसेच पुढे, वर गेले. आणखी अर्धा तास गेला. मग निरोप आला, साहेब झोपले! लिंकनसोबत त्यांचा तरुण चिटणीस होता, तो रागाने लाल झाला आणि रात्री त्याने हे सगळं रोजनिशीत लिहून ठेवलं. लिंकन मात्र त्याला म्हणाले, की अशा वेळी मानापमान बघत बसायचं नसतं.

'अशा वेळी' म्हणजे यादवी युद्धाच्या वेळी. अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली होती. त्यांना गुलामगिरी टिकवायची होती. मॅक्लेलन तेव्हा ३४ वर्षांचे. विस्कळीत, हरलेल्या पोरांची त्यांनी काही महिन्यांत कवायती फौज करून दाखवली. सैनिकांचा त्यांच्यावर भारी जीव. अडचण एकच. एवढी सुरेख फौज लढाईत घालायची म्हटलं, की साहेबांचा पाय निघत नसे.

या दोघांच्या भांडणात एक तिसरं पात्र आहे, आणि मला सगळ्यात गंमत त्याचीच वाटते. ते पात्र म्हणजे तार.

आधीच्या काळी राजा राजधानीत आणि सेनापती मोहिमेवर. घोडेस्वार पत्र घेऊन पोचेपर्यंत लढाई होऊनही जायची. सेनापतीला विचारणारं कुणी नाही! १८४४ मध्ये सॅम्युअल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवून दाखवली आणि पुढच्या सतरा वर्षांत अमेरिकाभर तारा पसरल्या. आता अध्यक्ष सकाळी प्रश्न विचारू शकत होते आणि दुपारी उत्तर मागू शकत होते. सेनापतींची पंचाईत झाली म्हणा ना!

तार चालते कशी, ते घरी करून बघता येतं. एक मोठा लोखंडी खिळा घ्या. त्यावर प्लास्टिकचं आवरण असलेली तांब्याची तार चाळीस-पन्नास वेढे गुंडाळा. दोन्ही टोकं सोलून टॉर्चच्या सेलला लावा. खिळा टाचण्या उचलायला लागेल. टोक काढलं, की टाचण्या टपाटप खाली. (तार तापते, म्हणून लगेच काढा. आणि भिंतीतल्या प्लगच्या वाटेला मुळीच जायचं नाही.) आता कल्पना करा, सेल तुमच्याकडे आणि खिळा वीस मैलांवर. तुम्ही इथे बटण दाबलं, की तिकडचा खिळा लोखंडाची पट्टी खेचतो : कट्ट! सोडलं, की पट्टी परत वर : कट्ट! दोन आवाजांमधलं अंतर थोडं असेल तर टिंब, जास्त असेल तर रेघ. टिंबारेघांची अक्षरं, अक्षरांचे शब्द. लांबवर जाताना वीज अशक्त होते, म्हणून वाटेत आणखी एक खिळा बसवायचा. तो अशक्त विजेवर फक्त एक हलकी पट्टी ओढतो आणि ती पट्टी नव्या, ताज्या बॅटरीचं बटण दाबते. बस, निरोप पुढे चालू!

लिंकनना असल्या यंत्रांचं वेड होतं. उथळ पाण्यात रुतलेली बोट वर उचलण्याच्या युक्तीचं पेटंट त्यांच्या नावावर आहे, १८४९ चं. पेटंट मिळवलेले अमेरिकेचे ते एकमेव अध्यक्ष. जून १८६१ मध्ये थॅडियस लो नावाच्या माणसाने दोरीने बांधलेल्या बलूनमधून सुमारे ५०० फूट उंच जाऊन, खाली सोडलेल्या तारेवरून लिंकनना आकाशातून निरोप धाडला. लिंकन असे खूश झाले, की फौजेला बलूनपथकच मिळालं. मॅक्लेलनच्या छावणीवरही ही बलूनं तरंगत होती.

पण खुद्द व्हाइट हाउसमध्ये तारयंत्र नव्हतं! ते होतं शेजारच्या युद्धखात्याच्या इमारतीत. मग सहा फूट चार इंच उंचीचे अध्यक्ष खांद्यावर शाल टाकून पायी तिकडे जायचे, कधी दिवसातून दोनतीनदा, कधी रात्रभर. तिथली तारेवरची पोरं म्हणजे खरंच पोरं. त्यांतला डेव्हिड बेट्स कामाला लागला तेव्हा १७ वर्षांचा होता. म्हातारपणी त्याने या दिवसांवर अख्खं पुस्तक लिहिलं. तो सांगतो, लिंकन आले की टेबलाचा खण उघडून तारांची चळत वाचायला घेत. आधी वाचलेली तार हाताला लागली, की म्हणत, 'चला, बेदाण्यांपर्यंत आलो!' याचा अर्थ विचारल्यावर त्यांनी गोष्ट सांगितली. एका मुलीने आधी पोटभर बेदाणे खाल्ले, त्यावर आणखी काय काय खाल्लं, आणि मग तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. शेवटी बेदाणे पडायला लागले, तेव्हा तिला कळलं, आता संपत आलं! देशाचे अध्यक्ष आणि असला विनोद. पोरांना ते का आवडायचे, ते कळलं ना?

तार चोरून ऐकता येते, म्हणून सांकेतिक भाषा होती. ती साधी पण पक्की होती. निरोपाचे शब्द ओळींत, रकाने पाडून लिहायचे आणि पाठवताना रकान्याने उलटसुलट वाचायचे. शिवाय महत्त्वाच्या शब्दांना टोपणनावं. जून १८६३ च्या एका निरोपात लिंकन होते 'आदम', विक्सबर्ग शहर 'वास', रिचमंड शहर 'नेपच्यून' आणि कर्नल म्हणजे 'शुक्र'. चोराच्या हाती काय लागणार? आदम, शुक्र, वास यांची खिचडी!

आता मॅक्लेलनकडे वळू. १८६२ च्या वसंतात ते एक लाखावर माणसं घेऊन जहाजांनी व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरले. समोर यॉर्कटाउनला शत्रूचा मॅग्रूडर, त्याच्याजवळ सुरुवातीला माणसं जेमतेम तेरा हजार. पण हा मॅग्रूडर नाटकवेडा. त्याने त्याच सैनिकांना झाडीतून बाहेर काढून, मोकळ्या जागेवरून चालवून, पुन्हा झाडीत नेऊन, पुन्हा तिकडून बाहेर काढलं. बघणाऱ्याला वाटावं, पलटणींवर पलटणी येतायत! मॅक्लेलननी वेढा घातला आणि महिनाभर मोठमोठ्या तोफा मांडत बसले. तोफा तयार झाल्या, त्या रात्री शत्रू पसार. त्याआधी मार्चमध्ये मनॅसस-सेंटरव्हिलला तर शत्रूच्या मोर्च्यांत काळे रंगवलेले लाकडाचे ओंडके सापडले होते, तोफा म्हणून उभे केलेले!

लिंकन तारा पाठवत राहिले, हल्ला करा, उशीर शत्रूच्याच फायद्याचा आहे. साहेबांचं उत्तर ठरलेलं : आणखी माणसं पाठवा. शत्रूची संख्या ते कायम दुपटीने मोजत. मला वाटतं ते भित्रे नव्हते. ते आधीच्या लढायांत गोळ्यांसमोर उभे राहिले होते. आपण घडवलेली फौज मोडेल, ही धास्ती त्यांना सोडत नव्हती.

जूनच्या शेवटी मार खाऊन मागे हटताना त्यांनी मध्यरात्री युद्धमंत्र्यांना एक तार ठोकली. तिच्या शेवटी होतं, की ही फौज बळी देण्यासाठी तुम्ही शक्य ते सगळं केलंत. तारखात्याचे देखरेख अधिकारी सॅनफर्ड यांनी ती वाचली आणि त्यांना घाम फुटला. त्यांनी शेवटची वाक्यं गाळून बाकीची तार पुढे दिली. लिंकनना त्या वेळी या वाक्यांचा पत्ताच लागला नाही. एवढ्या वेगवान यंत्राच्या मध्ये बसलेला एक माणूस असं काही करू शकतो, बघा!

सप्टेंबरात अँटिएटमला भयंकर लढाई झाली. शत्रू मागे गेला, पण साहेबांनी पाठलाग काही केला नाही. ऑक्टोबरात कारण कळवलं, घोड्यांच्या जिभा दुखतायत, घोडे दमलेत. तारघरातून लिंकनचा उलट प्रश्न आला : क्षमा असावी, पण अँटिएटमच्या लढाईनंतर तुमच्या घोड्यांनी असं काय केलं, ज्याने कुणीही दमावं? आणि हे कुणाला, तर ज्यांनी तयार केलेलं खोगीर अमेरिकेचं घोडदळ पुढे कित्येक दशकं वापरत राहिलं, त्या माणसाला!

५ नोव्हेंबर १८६२ ला हुकूम निघाला, मॅक्लेलनना हटवा. आणि गंमत म्हणजे हा हुकूम तारेने गेला नाही. एका अधिकाऱ्याने तो कागदावर, आगगाडीने आणि घोड्यावरून, बर्फाच्या वादळातून रात्री तंबूत नेऊन हातात दिला. साहेब शांतपणे वाचून बाजूला झाले. १८६४ मध्ये तेच लिंकनविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले. निकालाच्या रात्री लिंकन कुठे असतील? तारघरात. जिंकले.

तोवर नवे सरसेनापती आले होते, युलिसिस ग्रँट. कमी बोलणारे, चुरगळलेल्या गणवेशातले. त्यांच्या फौजेत खेचराच्या पाठीवर तारेचं रीळ बांधलेलं असे. फौज मुक्कामाला थांबली, की खेचराला चालवत न्यायचं, तार मागे उलगडत जायची, सैनिक ती खांबांवर चढवायचे. तंबू ठोकून होईपर्यंत सगळ्या तुकड्या एकमेकींशी जोडलेल्या! ऑगस्ट १८६४ मध्ये काहींना वाटत होतं, ग्रँटनी शत्रूला घातलेला वेढा सैल करून माणसं दुसरीकडे पाठवावीत. लिंकननी तार केली, बुलडॉगसारखे दात रोवून धरून ठेवा, चावा आणि गळा आवळा. ग्रँट वाचून खोखो हसले आणि म्हणाले, अध्यक्षांच्या अंगात त्यांच्या सगळ्या सल्लागारांपेक्षा जास्त धमक आहे. तारयंत्र तेच, अध्यक्ष तेच. पण ग्रँटना 'का थांबलात' विचारायची पाळी फारशी आलीच नाही.

मार्च १८६५ मध्ये लिंकन ग्रँटच्या छावणीत राहायला गेले. तिथल्या तारेच्या झोपडीत त्यांना आई गमावलेली मांजराची तीन पिल्लं दिसली. युद्धाच्या बातम्या वाचायच्या सोडून त्यांनी ती मांडीवर घेतली आणि एका कर्नलला बजावलं, यांना दूध मिळालंच पाहिजे. ९ एप्रिलला दक्षिणेचे सेनापती ली यांनी ग्रँटपुढे शस्त्रं ठेवली.

युद्ध संपल्याचा फटका आपल्या मुंबईलाही बसला. अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने चार वर्षं इथल्या कापसाला सोन्याचा भाव होता. अटलांटिकखालची १८५८ ची तार काही आठवड्यांतच मुकी झाली होती आणि नवी टिकाऊ तार पडली १८६६ मध्ये. म्हणून बातमी आधी बोटीने युरोपला गेली. मग मुंबईत कापसाचे भाव कोसळले आणि कितीतरी कंपन्या बुडाल्या.

आता तुमची पाळी. खालचा निरोप शत्रूच्या हाती लागलाय :

सेनापती नेमके आजच कळवा कशाने साहेब तुमचे दमलेत आपला आदम ते घोडे

वहीत चार रकाने आणि तीन ओळी आखा. पहिले तीन शब्द पहिल्या रकान्यात वरून खाली लिहा, पुढचे तीन दुसऱ्यात खालून वर, मग तिसऱ्यात वरून खाली, चौथ्यात खालून वर. मग नेहमीसारखं आडवं वाचा. जमलं, की याच पद्धतीने एक निरोप मित्राला पाठवा. तुमच्या वर्गासाठी 'आदम' कोण, ते मात्र आधी दोघांत ठरवून घ्या.